पोस्टकार्डाची साक्ष

जून १९०८मध्ये लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली आणि लागलीच पुण्यातील त्यांच्या घराची झडती घेण्यात आली. या झडतीत पोलिसांना एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर दोन इंग्रजी ग्रंथांची नावे टिपलेली होती आणि हे दोन्ही ग्रंथ स्फोटक द्रव्यांविषयीचे होते. घरात बाँब सापडला नाही, दारूगोळा सापडला नाही, कोणा क्रांतिकारकाशी झालेला गुप्त पत्रव्यवहारही सापडला नाही. सापडले ते एवढेच. परंतु सरकारपक्षाने हे कार्ड जपून ठेवले आणि उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला उभा राहिला तेव्हा ते पुराव्यात दाखल केले.

खटला कशाचा होता? तो बाँबचा नव्हता. 'केसरी'च्या १२ मेच्या अंकातील 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनच्या अंकातील 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांचा तो खटला होता. या लेखांतून सरकारविषयी अप्रीती निर्माण होते की नाही आणि दोन समाजांत वैरभाव पसरतो की नाही, एवढेच भारतीय दंडविधानाच्या कलम १२४अ आणि १५३अ खाली ठरवायचे होते. लेख छापील होते, ते कोणी नाकारलेले नव्हते, त्यांची जबाबदारी संपादकाने अंगावर घेतलेली होती. मग दोन ग्रंथांच्या नावांनी त्या लेखांतील शब्दांचा अर्थ कसा काय बदलणार होता?

शब्दांचा अर्थ बदलणार नव्हता. बदलणार होते ते ऐकणाऱ्याचे मन. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब पडून दोन इंग्रज स्त्रिया मृत्युमुखी पडल्या होत्या. हिंदुस्थानातील सारा गोरा समाज त्या बातमीने हादरून गेला होता. ज्यूरीत नऊजण होते. त्यांपैकी सात युरोपीय, दोघे पारशी. त्यांच्यापुढे लेखांचे मूळ मराठी नव्हे, तर सरकारी भाषांतर होते. अशा सात माणसांच्या हाती 'स्फोटके' हा शब्द असलेला कागद, तोही आरोपीच्या हस्ताक्षरातील, ठेवल्यावर त्यांनी लेखांतील वाक्यरचनेचा आणि अर्थच्छटांचा काथ्याकूट करीत बसावे, ही अपेक्षा करणेच व्यर्थ होते.

टिळकांनी दिलेला खुलासा साधा आणि सुसंगत होता. ८ जून १९०८ रोजी सरकारने स्फोटक द्रव्यांविषयीचा नवा कायदा संमत केला होता. त्या कायद्यात 'स्फोटक' या शब्दाची जी व्याख्या केली होती, तिच्यावर टीका करायची तर विषयाची माहिती हवी, म्हणून ग्रंथांची नावे टिपून ठेवली, असे त्यांनी सांगितले. ज्या लेखासाठी खटला भरला होता, तो ९ जूनचा लेख सरकारच्या याच दडपशाहीच्या उपायांवर होता, हे लक्षात घेतले म्हणजे खुलाशात ओढाताण काहीच दिसत नाही. संपादक ज्या विषयावर लिहितो, त्या विषयावरची पुस्तके शोधतो. तरीही एकवीस तासांहून अधिक चाललेल्या आपल्या भाषणातील काही वेळ टिळकांना या कार्डासाठी खर्ची घालावा लागला. ते स्वतः एलएल.बी. होते, कार्डाचे मूल्य शून्य आहे हे त्यांना कळत होते, आणि त्याचा परिणाम शून्य नाही हेही कळत होते. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरविले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

कार्ड नसते तर निकाल फिरला असता का? तसे म्हणता येणार नाही. त्या ज्यूरीकडून दुसरा निकाल येणे कठीणच होते. परंतु प्रश्न निकालाचा नसून पद्धतीचा आहे. जो पुरावा आरोप सिद्ध करण्याच्या कामी जवळजवळ निरुपयोगी, पण आरोपीविषयी मन कलुषित करण्याच्या कामी अत्यंत प्रभावी, त्याचे न्यायालयाने काय करावे? शंभराहून अधिक वर्षे लोटली, ज्यूरी गेली, राज्यकर्ते गेले, पुराव्याचा कायदाही नव्या नावाने आला; प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे.

गंमत अशी की, टिळकांच्या खटल्याच्या वेळी लागू असलेल्या १८७२च्या पुरावा कायद्यातच या प्रश्नाचे निम्मे उत्तर होते. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या या कायद्याचे कलम १४ माणसाच्या मनःस्थितीविषयीच्या पुराव्याचे आहे. हेतू, ज्ञान, वैरभाव यांचा पुरावा देता येतो. परंतु त्या कलमाचे स्पष्टीकरण सांगते की, ती मनःस्थिती सर्वसाधारणपणे असून चालत नाही, ज्या विशिष्ट गोष्टीबद्दल खटला चालू आहे तिच्याच संदर्भात ती असली पाहिजे. कलमाखालचे एक उदाहरण तर अधिकच बोलके आहे. आरोपीने तोच गुन्हा करण्याचा इरादा बोलून दाखविला असेल तर ते बोलणे ग्राह्य. त्या जातीचे गुन्हे करण्याकडे आपला एकंदर कल आहे, असे काही तो बोलला असेल तर ते अग्राह्य. हीच कसोटी पोस्टकार्डाला लावून पाहावी. स्फोटकांविषयीचे कुतूहल, तेही गुन्हा मानले तरच, फार तर एका एकंदर कलाचे द्योतक ठरले असते. विशिष्ट लेखातील विशिष्ट शब्दांशी त्याचा सांधा जुळत नाही. हेच कलम २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १२ म्हणून आले आहे.

पण हे निम्मेच उत्तर झाले. कारण अनेकदा पुरावा कायद्याच्या चाळणीतून अगदी रीतसर खाली उतरतो, त्याचा वादविषयाशी धागाभर संबंधही असतो, आणि तरीही त्याने होणारी हानी लाभापेक्षा कितीतरी पट मोठी असते. अशा पुराव्याला दार बंद करण्याचा अधिकार न्यायाधीशाला असावा, हा विचार इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात हळूहळू रुजला. १९१४च्या क्रिस्टी खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याचा उल्लेख केला. परंतु तो ठसठशीतपणे मांडला गेला, तो एका हिंदी नावाच्या माणसाच्या खटल्यात, आणि तोही इंग्लंडपासून हजारो मैल दूर, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील ब्रिटिश गयानात.

नूर महंमद हा तेथील सोनार. सोन्याच्या कामासाठी पोटॅशियम सायनाइड लागते, ते त्याच्याजवळ असणे कायदेशीरच होते. त्याच्यासोबत राहणारी आयेशा ही स्त्री सायनाइडने मरण पावली आणि त्याच्यावर खुनाचा आरोप आला. आयेशाला त्याने विष पाजल्याचा थेट पुरावा तोकडा होता. तिने आत्महत्या केली असण्याची शक्यताही होती. तेव्हा सरकारपक्षाने आणखी एक गोष्ट ज्यूरीपुढे आणली. या माणसाची पूर्वीची बायको गूरिया हिचाही मृत्यू सायनाइडनेच झाला होता. त्या मृत्यूबद्दल त्याच्यावर कधी खटला झालेला नव्हता. ज्यूरीने त्याला दोषी ठरविले, फाशीची शिक्षा झाली आणि प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले.

सर्वसामान्य माणूस येथे थांबून विचारील, 'दोन बायका, दोघीही एकाच विषाने मेल्या, घरात विष बाळगणारा तोच; आणखी काय हवे?' नेमका हाच विचार ज्यूरीच्या मनात आला असणार आणि तो येणे स्वाभाविक आहे. प्रिव्ही कौन्सिलने शिक्षा रद्द केली, ती याच कारणासाठी. गूरियाला त्याने मारले, हेच जेथे सिद्ध झालेले नाही, तेथे गूरियाचा मृत्यू आयेशाच्या मृत्यूचा पुरावा कसा ठरणार? एक संशय दुसऱ्या संशयाच्या खांद्यावर उभा केला म्हणून त्या दोहोंची मिळून खात्री होत नाही. १९४९मध्ये छापल्या गेलेल्या या निकालाने सांगितले की, पुरावा तांत्रिकदृष्ट्या ग्राह्य असला तरी ज्या प्रयोजनासाठी तो आणला जात आहे, त्या प्रयोजनाला तो खरोखर कितपत उपकारक आहे, हे न्यायाधीशाने तोलून पाहावे. तसे ठोस बळ त्यात नसेल आणि आरोपीविषयी विष पेरण्यापलीकडे त्याचा उपयोग नसेल, तर तो दूर ठेवावा.

या निकालाची किंमत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. नूर महंमद कदाचित दोषीही असेल. पूर्वग्रहाचा पुरावा वगळा, असे म्हणणाऱ्याने ही किंमत मोकळेपणाने कबूल करूनच बोलले पाहिजे. आपल्याकडच्या पुष्कळ मानवाधिकारवाद्यांना ती कबूल करायची नसते; आरोपीचे अधिकार म्हटले की पीडिताची आठवण त्यांना राहत नाही. म्हणूनच सामान्य माणसाला हा सारा विषय गुन्हेगारांच्या लाडाचा वाटतो. तो तसा नाही, हे पटवून द्यायचे तर परदेशातील निवाड्यांपेक्षा आपल्या सत्र न्यायालयांत रोज काय घडते ते पाहणे अधिक उपयोगाचे.

खुनाच्या तपासात आरोपी अटकेत असतो. पोलीस दोन पंच बोलावतात. आरोपी पंचांसमक्ष म्हणतो, 'ज्या चाकूने मी अमक्याला भोसकले तो चाकू मी घराच्या छपरात लपवून ठेवला आहे, तो काढून देतो.' निवेदन पंचनामा लिहिला जातो, मंडळी छपराकडे जातात, चाकू निघतो, मुद्देमाल सीलबंद होतो. कायदा याबाबत स्वच्छ आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही. जुन्या कायद्याचे कलम २५ आणि २६ तेच सांगत होते आणि नव्या अधिनियमाचे कलम २३ही तेच सांगते. अपवाद एवढाच की, त्या निवेदनामुळे एखादी वस्तुस्थिती उघडकीस आली, तर त्या उघडकीस आलेल्या गोष्टीशी थेट संबंध असलेला तेवढा भाग सिद्ध करता येतो. जुने कलम २७ ते हेच.

मग वरच्या वाक्यातील किती भाग आत येतो? पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९४६च्या निकालात हे वाक्य जवळजवळ असेच उदाहरणादाखल घेऊन त्याची चिरफाड केली. चाकू छपरात लपविला आहे, हे आरोपीला ठाऊक होते, एवढे ग्राह्य. 'ज्याने मी भोसकले' हे शब्द बाहेर; कारण छपरातून चाकू निघाल्याने भोसकण्याची क्रिया उघडकीस येत नाही. हा निकाल गेली पाऊणशे वर्षे कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. तरीही प्रत्यक्षात काय होते? संपूर्ण निवेदन, भोसकल्याच्या वर्णनासह, पंचनाम्यात उतरते. पंच साक्षीत ते जसेच्या तसे सांगतो. बचावाचा वकील अननुभवी असला तर हरकतही घेत नाही. कागदाला निशाणी क्रमांक पडतो आणि तो नस्तीत जाऊन बसतो. न्यायाधीश निकालपत्र लिहायला बसतात तेव्हा कायद्याने ज्याचे अस्तित्वच नाही, असा कबुलीजबाब त्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

हे टीकाकाराचे कल्पनाचित्र नव्हे. १९ एप्रिल २०२२ रोजी व्यंकटेश विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले. वस्तू सापडण्यापुरता भाग नोंदविण्याऐवजी अख्खे निवेदन नोंदवून घेण्याची तपासयंत्रणांची प्रवृत्ती वारंवार आढळते, त्यामुळे कायद्याने निषिद्ध असलेला कबुलीजबाब मागच्या दाराने अभिलेखात येतो, न्यायालयाचे मन त्याने कलुषित होण्याचा संभव असतो आणि ही प्रथा तत्काळ थांबली पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. त्याच प्रकरणात आरोपींच्या कबुलीचे चित्रीकरण एका दूरचित्रवाहिनीवर दाखविले गेले होते. त्याबद्दलही न्यायालयाने कठोर शब्द वापरले.

या निरीक्षणातील एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पूर्वग्रहाच्या पुराव्याचा विषय निघाला की आपल्याकडचे बहुतेक विधिज्ञ खांदे उडवतात. त्यांचे म्हणणे असे : हे सारे ज्यूरीच्या देशांसाठी. तेथे बारा सामान्य माणसे निर्णय घेतात, त्यांना भुलविणे सोपे, म्हणून त्यांच्यापासून काही गोष्टी लपवाव्या लागतात. आपल्याकडे प्रशिक्षित न्यायाधीश असतात, ते दाणे आणि भुसा वेगळा करू शकतात. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. नानावटी खटल्यात १९५९मध्ये मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरविले, वृत्तपत्रांच्या गदारोळाचा तो परिणाम मानला गेला, सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले आणि तेथे जन्मठेप झाली. ज्यूरीपद्धत पुढे गुंडाळलीच गेली. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. ज्यूरी गेली म्हणजे पूर्वग्रहाची भीतीही गेली, असे आपण गृहीत धरले. परंतु 'न्यायालयाचे मन' कलुषित होऊ शकते, असे जेव्हा सर्वोच्च न्यायालयच म्हणते, तेव्हा ते ज्यूरीविषयी बोलत नसते. न्यायाधीशही याच समाजात राहतो, तीच वृत्तपत्रे वाचतो. त्याच्याकडे सामान्य माणसापेक्षा शिस्त अधिक असते, मेंदू निराळा नसतो.

उलट आपली स्थिती एका दृष्टीने अधिक बिकट आहे. ज्यूरी असते तेव्हा ती बाहेर पाठवून न्यायाधीश वादग्रस्त पुरावा तपासतात आणि तो अग्राह्य ठरला तर ज्यूरीच्या कानांवरही पडत नाही. आपल्याकडे पुरावा घ्यायचा की नाही हे ठरविणारा आणि दोषी की निर्दोष हे ठरविणारा माणूस एकच. 'हे वाचू नका' असे सांगण्यासाठी आधी त्यालाच ते वाचावे लागते. त्यात २००१मध्ये बिपिन शांतिलाल पांचाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी पद्धत घालून दिली की, हरकत आली तर ती नोंदवावी, कागद तात्पुरता दाखल करून घ्यावा आणि ग्राह्याग्राह्यतेचा निर्णय अंतिम निकालाच्या वेळी करावा. हेतू खटले रेंगाळू नयेत हा होता आणि तो चांगलाच होता. परिणाम मात्र असा की, नको असलेला पुरावा खटलाभर मुक्कामाला राहिला. अखेर २०२१मध्ये फौजदारी खटल्यांतील उणिवांविषयीच्या स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच ही पद्धत बंधनकारक मानू नये, हरकतींचा निर्णय तेथल्या तेथे किंवा फार तर त्या साक्षीदाराची साक्ष संपताना द्यावा, असे स्पष्ट केले. हा बदल योग्य दिशेचा आहे. मात्र तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, रोजच्या खटल्यांच्या भाऊगर्दीत तो किती मुरतो, यावर सारे अवलंबून आहे.

आरोपीच्या पूर्वचरित्राची गोष्टही अशीच. 'सराईत गुन्हेगार' हा आपल्या पोलिसी भाषेतील लाडका शब्द. कायदा मात्र म्हणतो की, फौजदारी खटल्यात आरोपीचे वाईट चारित्र्य असंबद्ध आहे. त्याने स्वतः आपल्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला तरच ते संबद्ध होते. जुने कलम ५४, नवे कलम ४९. पूर्वीच्या शिक्षेमुळे शिक्षा वाढणार असेल, तर ती पूर्वीची शिक्षा नव्या गुन्ह्याचा निर्णय लागण्याआधी सत्र न्यायालयात वाचूनही दाखवायची नाही, इतकी काळजी प्रक्रिया संहितेने घेतली होती. जामिनाच्या वेळी आणि शिक्षा ठरविताना पूर्वेतिहास जरूर पाहावा. त्यात गैर काहीच नाही. दोष ठरविताना तो पाहू नये, एवढेच.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील न्यायसभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको. चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ येतो. तो निर्धन झालेला आहे, म्हणून दागिन्यांसाठी त्याने तिला मारले असणार, हा शकाराचा सारा युक्तिवाद. ऐन वेळी मैत्रेयाच्या काखेतून तिचे दागिने सभेत गळून पडतात आणि मनाने चारुदत्ताच्या बाजूला असलेला न्यायाधिकारीही हतबल होतो. दारिद्र्य हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे, पण गुन्ह्याचा पुरावा म्हणून ते किती सहज खपते, हे त्या प्राचीन नाटककाराने ओळखले होते.

आता कठीण भागाकडे वळायला हवे. काही कायद्यांत पूर्वीची कृत्ये ही गुन्ह्याच्या व्याख्येचाच भाग असतात. महाराष्ट्राचा १९९९चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मकोका, हे त्याचे ठळक उदाहरण. मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेली असणे आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असणे, ही त्यातील 'सातत्याने चाललेल्या बेकायदा कृत्यां'ची अट आहे. ती आरोपपत्रे न्यायालयापुढे येणारच. ती आणू नका, असे म्हणणे म्हणजे कायदाच लागू करू नका, असे म्हणणे होईल. मुंबईने टोळीयुद्धांचा जो काळ भोगला, तो पाहता या कायद्याची गरज नाकारता येत नाही.

परंतु किती आणायचे, हा प्रश्न उरतोच आणि याबाबत अमेरिकेतील एक निकाल उपयोगी पडतो. तेथील संघराज्याच्या पुराव्याच्या नियमांपैकी ४०३ क्रमांकाचा नियम सांगतो की, पुराव्याच्या मूल्यापेक्षा अन्याय्य पूर्वग्रहाचा धोका बराच मोठा असेल तर न्यायालय तो पुरावा वगळू शकते. ओल्ड चीफ नावाच्या आरोपीवर, पूर्वी गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली असताना बंदूक बाळगल्याचा आरोप होता. पूर्वीची शिक्षा हा आरोपाचाच भाग. आरोपी म्हणाला, 'मला पूर्वी शिक्षा झाली आहे हे मी मान्य करतो. ती कोणत्या गुन्ह्यासाठी झाली ते ज्यूरीला सांगू नका.' तो पूर्वीचा गुन्हा गंभीर इजा करणाऱ्या हल्ल्याचा होता. सरकारपक्षाने नकार दिला, आपला खटला आपल्या पद्धतीने मांडण्याचा हक्क सांगितला. १९९७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी आरोपीचे म्हणणे उचलून धरले. कायद्याला हवी होती ती पूर्वशिक्षेची वस्तुस्थिती, तिची कहाणी नव्हे. मकोकाच्या खटल्यातही आरोपपत्र दाखल झाले, न्यायालयाने दखल घेतली, एवढे दाखविणारे दाखले पुरेसे असताना जुन्या प्रकरणांतील रक्तपाताची वर्णने साग्रसंगीत वाचली जाण्याचे कारण काय? अट पूर्ण झाल्याचे सिद्ध करावे आणि पुढे जावे. त्याने कायद्याची धार बोथट होत नाही, उलट अपिलात टिकणारी शिक्षा मिळते.

अपिलाचा हा मुद्दा पोलिसांनी आणि सरकारी वकिलांनी जरूर मनावर घ्यावा. कबुलीजबाबावर आणि आरोपीच्या कुप्रसिद्धीवर विसंबलेला तपास पुढे सुस्तावतो. न्यायवैद्यक नमुने वेळेवर जात नाहीत, दूरध्वनीच्या नोंदींची प्रमाणपत्रे राहून जातात, ओळखपरेड उशिरा होते. कारण 'त्याने कबूल केले आहे' ही भावना सर्वांच्या मनात घर करून असते. दहा-पंधरा वर्षांनी वरिष्ठ न्यायालय कबुलीचा भाग बाजूला काढते, तेव्हा खाली काहीच उरलेले नसते. आरोपी सुटतो, पीडितांचे कुटुंब सुन्न होते आणि शिव्या न्यायालयाला बसतात. वास्तविक खटला बुडालेला असतो तो तपासाच्या पहिल्याच आठवड्यात.

मग कायद्यात काय हवे? न्यायाधीशाला असा पुरावा वगळण्याचा अधिकार असल्याचे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच मान्य केले आहे. मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरवरील लाचेच्या प्रकरणात, आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, दूरध्वनीवरील ध्वनिमुद्रित संभाषण ग्राह्य धरताना न्यायालयाने म्हटले की, ग्राह्यतेचे काटेकोर नियम आरोपीवर अन्याय करणारे ठरत असतील, तर पुरावा नाकारण्याचा विवेकाधिकार न्यायाधीशाला आहे. वाक्य सुंदर आहे. पण ते निकालातले वाक्य आहे, अधिनियमातले कलम नव्हे. पाठोपाठ १९७३च्या पूरणमल निकालाने बेकायदा झडतीत मिळालेला पुरावाही संबद्ध असल्यास चालतो, असे सांगितले आणि खालच्या न्यायालयांनी लक्षात ठेवला तो हाच धडा. इंग्लंडने १९८४मध्ये पोलीस आणि फौजदारी पुराव्याच्या कायद्यात कलम ७८ घालून कार्यवाहीच्या न्याय्यतेवर विपरीत परिणाम करणारा पुरावा नाकारण्याचा अधिकार लेखी दिला. २००३मध्ये त्याच इंग्लंडने आरोपीच्या वाईट चारित्र्याचा पुरावा आणण्याचे दार बरेच रुंद केले, हेही सांगायला हवे. तेथेही जनमताचा रेटा असतो. परंतु दार रुंद करतानाही खटल्याच्या न्याय्यतेला बाधा येत असेल तर तो पुरावा अडविण्याची तरतूद त्यांनी शाबूत ठेवली.

आपल्याकडे न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९८३मध्ये ९४वा अहवाल दिला. त्यात पुरावा कायद्यात कलम १६६अ घालण्याची शिफारस होती. बेकायदा वा गैरमार्गाने मिळविलेला पुरावा स्वीकारल्याने न्यायदानाचीच अप्रतिष्ठा होणार असेल, तर गुन्ह्याचे गांभीर्य, पुराव्याचे महत्त्व, पोलिसांची चूक जाणूनबुजून होती की नाही, या साऱ्यांचा विचार करून तो नाकारण्याची मुभा त्या कलमाने दिली असती. सरसकट बंदी नव्हे, तोलून घेतलेला निर्णय. शिफारस गैरमार्गाने मिळविलेल्या पुराव्यापुरती होती. पूर्वग्रहाच्या पुराव्यासाठी तिची कक्षा एका वाक्याने वाढविता आली असती. चाळीस वर्षांत ते झाले नाही.

२०२३मध्ये वसाहतकालीन कायदे बदलण्याचा मोठा संकल्प संसदेने पुरा केला आणि १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. भाषा आणि रचना त्याने सुटसुटीत केली. स्टीफनच्या कायद्याची कलमे नव्या क्रमांकांनी आत आली. हे एक कलम तेवढे आले नाही. ते आणण्यासाठी नवा संकल्प नको, एक दुरुस्ती विधेयक पुरेसे आहे. तोवर सत्र न्यायाधीशाच्या हाती एक लाल पेन्सिल असतेच. निवेदन पंचनाम्यातील चाकू छपरात असल्याच्या वाक्याला कंस करून तेवढ्यालाच निशाणी क्रमांक द्यायचा आणि बाकीचा मजकूर पंचाच्या साक्षीत वाचू द्यायचा नाही, याला कोणत्याही नव्या कलमाची गरज नाही. पुलुकुरी कोट्टय्याचा निकाल त्यासाठी १९४६पासून तयार आहे.